दीपाच्या गाडीचं चौथं चाक

बेटेगावच्या कमलेशकडे चाकं घासून घ्यायला पार मनोरपासून माणसं यायची. चाकं म्हणजे मोठी नव्हेत, बरं का. तळहातावर मावतील अशा बॅटरीच्या रेसिंग गाड्यांची, रुपयाच्या नाण्याएवढी रबरी चाकं. दर रविवारी बोईसरच्या एका हॉलमध्ये लाकडी ट्रॅकवर त्यांच्या शर्यती लागतात. चाक केसभर जरी फुगीर राहिलं, तरी गाडी वळणावर उडालीच म्हणून समजा.

कमलेशची हत्यारं म्हणाल तर फुटकळ. शिकंज्यात आवळलेलं हाताने फिरवायचं ड्रिल, एक बारीक कानस, पॉलिश पेपरचे चार तुकडे. डाव्या हाताने चाक फिरवायचं, उजव्याने कानस लावायची, मग बोट टेकवून उंचवटा शोधायचा. आता ऐका गंमत. ज्या बोटाने तो उंचवटा शोधायचा, ते बोट त्याला नव्हतंच. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेलेली. तरी तो ती मोकळी जागा चाकाशी न्यायचा आणि नसलेल्या टोकाला रबराचा खडबडीतपणा लख्ख कळायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून करणार काय? लोकांनी वेड्यात काढलं असतं.

बोट जाऊन दोन वर्षं झाली होती. तारापूरच्या एका रबराच्या कारखान्यात विनोदचा हात रोलरमध्ये ओढला गेला, तेव्हा शेजारी कमलेश होता. विनोद त्यात गेला. "बोट दिलं, पण दोस्ताचा हात नाय सोडला," असं जो तो म्हणायचा. कमलेश मान खाली घालायचा, लोकांना तो त्याचा साधेपणा वाटायचा. अहो, कसला साधेपणा! विनोदने मोकळ्या हाताने त्याचं बोट धरलं होतं आणि याने घाबरून हिसका दिला. बोट पत्र्याच्या धारेवर तुटलं, हा सुटला. मशीन बंद करायची दोरी डोक्यावरच लोंबत होती, तीही ओढली नाही. सरळ पळाला.

खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं झालं. रोज दिवेलागणीला कुणीतरी ते नसलेलं बोट मुठीत धरायचं आणि आवळायचं. मूठ थंडगार असती तर विनोदची म्हणून त्याने हात तरी जोडले असते. पण ती उबदार असायची. कमलेशला मात्र त्या मुठीपेक्षाही एका गोष्टीचं भय होतं. विनोदच्या बायकोला, शालूला, खरं कळलं तर?

आणि एका शनिवारी भर दुपारी शालूच माकुणसारहून त्याच्या दारात उभी राहिली.

"भाऊजी, आमच्या दीपाची चाकं करून द्या. उद्या तिची पयली शर्यत हाय."

कमलेशने हातातली कानस खाली ठेवली. दोन वर्षांत त्याने या माऊलीचं दार बघितलं नव्हतं. "बसा ना वैनी," एवढंच कसंबसं म्हणाला. ती स्टुलावर बसली, उजवा हात पदराखाली घेऊन.

तीन चाकं झाली. चौथं लावलं आणि मुठीने बोट धरलं. दिवसाउजेडी असं कधी झालं नव्हतं. चाक फिरतंय, पण बोटाला काही कळेना. त्याने अंदाजाने कानस लावली, ती घसरली.

"घाम का आला भाऊजी?"

"काय नाय. उकडतंय."

"एक विचारू? शेवटी तुमी त्यांचा हात धरला होता ना?"

सगळं गाव सांगायचं तेच उत्तर ओठांवर तयार होतं. पण मूठ अशी आवळली की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाय वैनी. त्याने धरलं होतं. मी सोडवून घेतलं. दोरीपण नाय ओढली. पळालो मी." आणि तो ढसाढसा रडला.

शालू रडली नाही. "माहीत हाय. आंघोळ घालताना त्यांची मूठ मीच उघडली. हात धरणाऱ्याचं बोट असं मुठीत नाय येत, भाऊजी. तवाच कळलं, कोणी कोणाला धरलेलं."

तिने पदराखालचा हात काढला आणि तळवा उघडला. काळं, सुरकुतलेलं, नखासकट.

"मिठात घालून उन्हात सुकवलं, बोंबील सुकवतो तसं. रोज दिवे लागले की घेऊन बसते. म्हटलं, कदीतरी बोलेल हा माणूस."

तळवा उघडला तशी कमलेशच्या बोटाला गार वाऱ्याची झुळूक लागली. दोन वर्षांनी मोकळं वाटलं त्याला.

"द्या ते, वैनी. मातीत तरी घालतो."

"आदी चाक करा."

त्याने चाक केलं. नसलेल्या बोटाला रबराचा कण न् कण कळत होता. इतकं सारखं चाक त्याने जन्मात घासलं नव्हतं. शालूने चारही चाकं पिशवीत टाकली आणि उठली.

"पोरगी दर रविवारी खेळणार. चाकं झिजणार. मी येत जाईन."

उंबऱ्यात तिने हळूच मूठ मिटली. आणि कमलेश उठला, अनवाणीच, बोट धरून नेलेल्या पोरासारखा तिच्या मागोमाग रिक्षापर्यंत गेला.