पाच मानकरी आणि मधला एक

मित्रांनो, मी एक जुना कॅरम बोर्ड आहे आणि मला फुटबॉलचा वीट आलेला आहे. कॅरम बोर्डाचा आणि फुटबॉलचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मलाही तेच विचारायचं होतं, पण आम्हा लाकडांना विचारतो कोण!

माझा जन्म शहागंजातल्या एका सुताराच्या दुकानात झाला. पोलीस ॲक्शन होऊन बरीच वर्षं लोटली होती, तरी त्या दुकानात निजामाच्या काळातले पलंग अजून दुरुस्तीला येत. सुताराचा हात मोठा सफाईचा. माझी चौकट त्याने शिसवी लाकडाची केली आणि अंग घासून घासून असं गुळगुळीत केलं की माशीचाही पाय घसरावा. पावडर शिंपडून त्याने पहिली सोंगटी टिचकीने सोडली, तेव्हा तो स्वतःशीच "क्या बात है!" म्हणाला. पुढच्या आयुष्यात कौतुक फारसं वाट्याला आलं नाही, म्हणून तेवढं अजून लक्षात आहे.

मला विकत घेतलं तात्यासाहेबांनी. वैजापूरकडे त्यांची जमीन होती, कापसाचा व्यापार होता, शहरात बंगला होता आणि या सगळ्याच्या वर शौक म्हणून एक फुटबॉल संघ होता. छावणीच्या मैदानाजवळ त्यांची एक पत्र्याची खोली होती. संघातले लोक तिला 'क्लब' म्हणत. मला तिथे नेऊन ठेवलं आणि माझा उकिरडा झाला.

काय सांगू तुम्हाला! ही माणसं कांदाभजी खात आणि त्याच बोटांनी स्ट्रायकर धरत. चहाचे ग्लास माझ्यावर ठेवत, विडीची राख माझ्यावर झाडत. घामाने चिंब झालेले मोजे एकदा कोणीतरी माझ्यावर वाळत घातले होते. आणि बद्रीनाथ! तो तात्यासाहेबांचा पुतण्या, संघाचा सेंटर फॉरवर्ड. तोंडात सदा पान. एके दिवशी उठून दारापर्यंत जायचा कंटाळा आला म्हणून तो सरळ माझ्या कोपऱ्यातल्या भोकात थुंकला. बाकीचे फिदीफिदी हसले. भोकाखाली जाळी असते, पिचकारी त्यात थोडीच अडकणार? ती माझ्याखालच्या स्टुलावरून ओघळत जमिनीवर गेली. मला ओकारी येत नाही हेच माझं दुर्दैव.

तो ओघळ पुसला बन्सीने. बन्सी वैजापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातला. दिवसा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचा, संध्याकाळी संघात खेळायचा आणि संघात खेळतो म्हणून त्याच खोलीत झोपायचा. शहरात त्याला दुसरा आसरा नव्हता. खोली गेली तर कामही गेलं आणि काम गेलं की परत गावी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो खोली जिवापाड जपायचा आणि तिच्यासोबत मलाही. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने मला पुसायचा. त्या सगळ्या खोलीत स्वच्छ हात काय ते त्याचेच.

आता फुटबॉल माझ्या अंगावर कसा आला ते ऐका. संघाला शिकवायला अनंतराव यायचे. ते शाळेत चित्रकलेचे मास्तर. हैदराबादला मोठे सामने बघून ते परतले ते एका नव्या रचनेने पार झपाटून. खोलीत फळा नव्हता, म्हणून त्यांनी मला पुढे ओढलं, हाताने राख झाडली आणि सोंगट्या मांडल्या. राणी झाली गोलकीपर. काळ्या सोंगट्या समोरच्या संघाच्या आणि पांढऱ्या आपल्या. आता पांढऱ्या सोंगट्या असतात नऊ आणि मैदानात गोलकीपर सोडून लागतात दहा. अनंतरावांनी कोटाचं एक सैल झालेलं बटण तोडलं आणि ठेवलं मधोमध.

"आजवर आपण पुढे पाच ठेवत होतो," ते म्हणाले. "मागे दोघंच. छावणीतल्या पलटणीची पोरं त्या दोघांच्या मधून आरामात निघून जातात. आता मागे चार, मधे दोन, पुढे चार. मागचे चार खांबासारखे उभे राहणार नाहीत. चेंडू उजवीकडे गेला की चौघंही थोडे उजवीकडे सरकणार. तिन्ही रांगांत अंतर इतकंच, की एकाने हाक मारली तर दुसऱ्याला ऐकू जावी. आणि सगळ्यात महत्त्वाचे मधले दोघं. चेंडू मागून पुढे न्यायचा त्यांनी आणि गेला तर आणायलाही धावायचं त्यांनीच."

मला ते पटलं. रांगा सरळ, जागा मोकळी. माझ्या अंगावर इतकी नीटस गोष्ट पहिल्यांदाच घडत होती. पण तात्यासाहेबांच्या कपाळावर आठी चढली.

"सर, पुढं चारच?" ते म्हणाले. "मग पाचवा कुठं गेला?"

"तो मधे येईल."

"आसं कसं? पुढच्या पाचाचा मान हाय. बद्रीनाथ आमच्या घरचा. सांडू बी पुढचाच; त्याच्या आधी त्याचा थोरला भाऊ त्याच जागी खेळायचा. जत्रंत पालखीचा मान काढून घेत्यात का कुणाचा? पुढचा एक बी हालणार नाय. मधी दोघं कशाला लागतात? मधी ठेवलंय काय! एक ठेवा."

झालं. मागे चार, पुढे पाच आणि मधे एकटं बटण. हे बटण म्हणजे बन्सी. आमच्याकडच्या माणसांना मैदानही गावच्या जत्रेसारखंच दिसतं. कोण कुठे उपयोगी पडेल हे कोणी बघत नाही, कोणाचा मान कुठला हे आधी ठरतं. अनंतरावांनी मधली सोंगटी उचलून पुढच्या रांगेत ठेवली. खोली तात्यासाहेबांची, चेंडू तात्यासाहेबांचे आणि बूटसुद्धा तात्यासाहेबांचे.

सरावाचा पहिलाच सामना सपशेल हरले. मधे एवढं मोठं रान मोकळं आणि त्यात धावणारा एकटा बन्सी. खोलीत परत आल्यावर पुढच्या पाचांनी भजी मागवली आणि सगळं खापर बन्सीच्या माथी फोडलं.

"मधला लई ढिला हाय, काका," बद्रीनाथ तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाला.

तात्यासाहेब बन्सीकडे न बघता म्हणाले, "पलटणीबरोबरचा सामना हरला तर बन्सी, तू आपली पेटी उचलायची. दुसरा बघू खोलीला."

बन्सी "व्हय जी" एवढंच म्हणाला. सगळे गेल्यावर त्याने माझ्यावरचं तेल पुसलं, पण त्याचं लक्ष नव्हतं. एकच जागा तो पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी अनंतराव लवकर आले. सोंगट्या मांडून त्यांनी पुढच्या पाचांना जवळ बोलावलं. तात्यासाहेब अजून यायचे होते.

"मान कुणाचाच काढत नाही," ते म्हणाले. "पण मला सांगा, जत्रेत पालखीचे मानकरी देवळापासून वेशीपर्यंत एकाच खांद्यावर पालखी नेतात का?"

"नाय," सांडू म्हणाला. सांडू डाव्या कडेचा, पाचांतला त्यातल्या त्यात बरा. "खांदेपालट करतात की."

"मग इथंही करा. चेंडू आपल्याकडे असला की पाचही पुढे. गेला की एकाने मागे बन्सीजवळ यायचं. थोड्या वेळाने त्याची पाळी संपली की दुसऱ्याने. मान पाचांचाच राहील, फक्त एक जण पाळीपाळीने मधे खांदा देईल."

आहे की नाही शहाणपण? चार-दोन-चार ही रचना त्यांनी मानाच्या धोतरात गुंडाळून मैदानात नेली. पाचही जणांनी माना डोलावल्या. बद्रीनाथनेही डोलावली. त्याने पानाची पिंक टाकून डोलावली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

सामन्याच्या दिवशी मला मैदानाच्या कडेला लिंबाखाली दोन विटांवर मांडलं होतं. पलटणीचे साहेब, तात्यासाहेबांचे पाहुणे, एक फोटोवाला, सगळे खुर्च्यांवर. पाहुण्यांनी चहाच्या बश्या साहजिकच माझ्यावर ठेवल्या.

आणि मित्रांनो, खरं सांगतो, पहिल्या अर्ध्या वेळेत मी बश्या विसरलो. चेंडू गेला रे गेला की सांडू धावत मागे येई. बन्सी आणि तो मिळून वाट अडवत. मागचे चौघं दारावरच्या पडद्यासारखे एकत्र सरकत. पलटणीची पोरं धिप्पाड, पण त्यांना आत शिरायला फटच सापडेना. बन्सीने चेंडू मिळवला की मान वर करून बघायचा आणि मगच द्यायचा. सांडूची पाळी संपली, दुसऱ्याने खांदा दिला, मग तिसऱ्याने. गोल कोणाचाच झाला नाही, पण पलटणीचे साहेबसुद्धा खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

मग बद्रीनाथची पाळी आली.

तो आला नाही. चेंडू गेला, बन्सीने हाक मारली, "बद्रीभाऊ, मागं!" आणि हा पलटणीच्या गोलपुढे कमरेवर हात ठेवून उभा. फोटोवाला त्याच बाजूला होता ना! अनंतराव कडेवरून ओरडले. बद्रीनाथने ऐकलं आणि ढिम्म उभा राहिला. एक जण आळस करतो म्हटल्यावर बाकीच्यांनाही सुचलं. सांडू सोडला तर एकानेही पुन्हा मागे पाऊल टाकलं नाही आणि सांडूच्या पायात गोळा येऊन तोही लंगडायला लागला. उरला बन्सी. त्याला माहीत होतं की आज हरलो तर पेटी उचलायची. तो एकटा दोघांचं धावला, मग तिघांचं. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. मला बघवेना, पण लाकडाला डोळे मिटता येत नाहीत.

अगदी शेवटी त्याने स्वतःच्या गोलजवळ चेंडू अडवला, तिथून मैदानभर नेला आणि बद्रीनाथच्या पायाशी ठेवला. अक्षरशः ठेवला. बद्रीनाथने पाय लावला आणि गोल झाला. आयत्या बिळावर नागोबा!

ताशे वाजले, गुलाल उडाला. बद्रीनाथला खांद्यावर घेतलं, पुढच्या पाचांना हार घातले. बन्सी कसाबसा लिंबापर्यंत आला, माझ्याशेजारी गुडघ्यावर बसला आणि भडाभडा ओकला. थोडं माझ्या चौकटीवर उडालं. आयुष्यभर मी घाणीला नाक मुरडत आलो, पण त्या ओकारीची मला किळस आली नाही. किळस आली ती पुढे झालं त्याची.

"छी, छी!" बद्रीनाथ हार सावरत म्हणाला. "साहेबांसमोर घाण केली यानं."

तात्यासाहेबांनी रुमाल नाकाला लावला. "याला काही रोग-बिग हाय का? आसला माणूस खोलीत नको. बाकीच्यांना लागायचा."

"तात्यासाहेब," अनंतराव म्हणाले, "तो सगळ्यांच्या वाटणीचं धावलाय. त्याच्यामुळं जिंकलो आपण."

"जिंकलो ते पाच पुढं होते म्हणून, सर. तुमचंच ऐकून चार ठेवले असते तर बद्री तिथं असता का?"

बन्सीने आपल्या सदऱ्याने माझी चौकट पुसली. हो, त्याही वेळेला! मग खोलीत जाऊन त्याने पेटी उचलली. हरल्यावर उचलायची होती ती त्याला जिंकून उचलावी लागली. पायात गोळा आलेला सांडू गळ्यातला हार काढून लंगडत त्याच्या मागे स्टँडपर्यंत गेला, एवढंच.

पुढच्या वर्षी सराव सुरू झाला. अनंतरावांनी पुन्हा सोंगट्या मांडल्या. मागे चार, पुढे पाच. "मधे कोण?" त्यांनी विचारलं. कोणी पत्र्याकडे बघितलं, कोणी बुटाची नाडी बांधायला वाकलं. सांडूलाही त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "नाय सर. मधी खेळल्यावर काय मिळतं, ते आम्ही बघितलंय." त्यानंतर तो संघ एकही सामना जिंकला नाही. यथावकाश खोलीत सरकीची पोती आली आणि पोत्यांना ओल लागू नये म्हणून मला त्यांच्याखाली जमिनीवर उपडं घातलं. उंदरांबद्दल मी बोलत नाही, तुम्ही जेवून आला असाल.

मित्रांनो, रचना कोणतीही करा. मागे चार ठेवा, नाहीतर तीन ठेवा. सोंगट्या मांडणं सोपं आहे, ते मीही शिकलो. पण तुमच्या संघात गोल कोण करतं हे मला सांगू नका. सामना संपल्यावर पाण्याचा पहिला तांब्या कोणाच्या हातात देता, ते सांगा. तुमची रचना किती दिवस टिकेल ते मी त्यावरून सांगतो.