शालनबाईंचा कापरा हात

देवरूखच्या शाळेत तीस वर्षं मुलांचं अक्षर घडवलेल्या शालनबाई कांबळ्यांचा हात सत्तरीत कापायला लागला. दीर भिकू म्हणाले, "वहिनी, बाहेरचं असेल. भगताला दाखवूया."

"बौद्धाच्या घरात भगत? लाज वाटू दे," बाई कडाडल्या.

पण पेन्शनच्या खिडकीवर कारकुनाने शाईचा पॅड पुढे सरकवला. "सही जुळत नाही आजी, अंगठा द्या."

कुजक्या बांगडा मासळीकडे बघावं तसं बाईंनी त्या पॅडकडे बघितलं आणि तडक रत्नागिरीची एसटी पकडली.

डॉक्टरांनी त्यांना कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली. "हा कंपवात नाही. मांडीवर हात शांत आहे, कामाला लागला की थरथरतो. याची गोळी दम्याला चालत नाही. दमा आहे?"

"नाही."

मग नाडी बघून त्यांनी ब्लडप्रेशरची, पण अशा थरथरीवरही लागू पडणारी एक गोळी थोड्या मात्रेत सुरू केली. "निम्मा फरक पडेल. पूर्ण नाही जायचा."

"निम्मा पुरे मला."

दोन महिन्यांनी त्याच खिडकीवर बाईंनी सही केली. अक्षर जरा हललं, पण जुळलं. कारकून कौतुकाने हसला.

"हसताय काय?" बाई म्हणाल्या. "अर्जावर माझं नाव तुम्ही शालीन लिहिलंय. खोडा ते."