फोमच्या दुकानातली कापसाची गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे आणि यवतमाळच्या व्यापाराचा भार मी बावीस वर्षं एकटीने पेलला आहे. नेमकं सांगायचं तर फुलचंद शेटचा. भार ब्याण्णव किलो आहे.

माझी रुई आर्णीकडची. फकिरा पिंजाऱ्याने धनुकलीची तांत वाजवत ती दिवसभर पिंजली, पांढऱ्या खोळीत भरली, टाके घातले. दर दिवाळीला माझ्यावर हळदकुंकू पडतं. मग शेट पुन्हा बसतो. उन्हात घालणं वगैरे लाड माझ्या नशिबी नाहीत. त्यासाठी आधी शेट उठायला हवा.

राग त्याचा नाही. राग याचा, की गाद्यांच्या या दुकानात कापसाची मी एकटीच, आणि मी विकाऊ नाही. बाकी सगळा फोम. माझ्यावरच बसून शेट गिऱ्हाइकाला सांगतो, "कापसाचा जमाना गेला." मध्यंतरी एका डिसेंबरात कापसाच्या संकटाचा अभ्यास करायला बाहेरून एक पथक आलं. त्यांना झोपायला इथूनच बारा गाद्या गेल्या. फोमच्या.

त्याच डिसेंबरात अनघाताई आल्या. चिपळूणच्या. इथे कॉलेजात नोकरी लागून चार दिवस झालेले, सोबत वडील, नीळकंठराव. हातात नवी बादली, बादलीत तवा नि लाटणं. घरमालकाची खाट झोळीसारखी. म्हाताऱ्याची पाठ अशी धरली होती की चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता. डॉक्टरांनी कापसाची गादी घ्या म्हणून सांगितलं होतं.

"इथे तर कुठेही मिळेल ना?" ताई म्हणाल्या. "सगळीकडे कापूसच दिसतोय."

"कापूस पिकते इथं, ताई. मिळत नाही."

नीळकंठराव दमून माझ्यावर टेकले. जरा वेळाने त्यांचे डोळे मिटले. "अनू, हीच घेऊ."

"अजी काका, उठा! दुकानाची लक्ष्मी हाये ते!"

बावीस वर्षांत मला मागणारा पहिला माणूस, मित्रांनो, आणि त्याला दंडाला धरून उठवलं.

दुकानासमोर कापसाच्या बैलगाड्यांची रांग होती. खरेदी केंद्र पुढच्या चौकात. ताई तावातावाने बाहेर गेल्या. रांगेतल्या रामरावांनी पोतं भरून दिलं, पैसे घेतले नाहीत. "दोन दिवसापासून इथंच उभा हावो, बाई. न्या. तेवढंच बैलाचं ओझं कमी."

ताईंनी पोतं शेटपुढे आपटलं. "हा घ्या कापूस. शिवून द्या."

शेट इतका हसला की माझे चार टाके उसवले. "ताई, हा झाडावरचा कापूस! याच्यात सरकी हाये, बी! याच्यावर झोपसान त काकाच्या पाठीत पेरणी होईन!"

ताईंचा चेहरा पडला. कापूस म्हणजे औषधाच्या दुकानातला, एवढंच त्यांना ठाऊक.

फकिरा दारातच उभा होता. हल्ली तो शेटच्या फोमच्या गाद्या रिक्षावर बांधतो. "सरकी काढून आना, बाई," तो म्हणाला. "मी पिंजून देतो." त्याचा असा हुरूपाचा आवाज मी जन्माच्या दिवशी ऐकला होता, नंतर नाही.

ताई पोतं घेऊन सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये गेल्या. तासाभराने पोत्यासकट परत आल्या. तिथे सांगितलं, गाडीभर असेल तर बोला, एका पोत्यासाठी यंत्र चालत नाही.

"फकिराभाऊ, हाताने नाही का निघणार?"

"निघते ना. पन होळी येईन, बाई."

म्हातारा तोवर बादली पालथी घालून तिच्यावर बसला होता. होळीपर्यंत तो कुठे थांबणार? ताईंनी फोम घेतला. फकिराने तो रिक्षावर बांधला आणि गाठ गरजेपेक्षा जोरात आवळली.

आता रीतीप्रमाणे मी म्हणायला हवं, मित्रांनो, गादीची निगा राखा, तिला ऊन दाखवा. नाही म्हणत. बाहेर कापसाची रांग, आत पिंजणारा माणूस, मध्ये दुखरी पाठ, आणि या तिघांची गाठ घालून देणारं अख्ख्या जिल्ह्यात कोणी नाही. ऊन कसलं दाखवता? आधी गादी मिळवून दाखवा.

चार दिवसांनी ताई तो फोम परत घेऊन आल्या.

"विकलेला माल वापस नाही होत, ताई. काहून, टोचते काय?"

"टोचत नाही. बाबा फरशीवर झोपतात. पाठ दुखायची थांबली."