नळीवरचं नाव

माझ्या दंडातून काढलेलं रक्त नळीत गेलं आणि खोकायला लागलं. सिस्टरनं नळी स्टँडमध्ये ठेवली, तशा बाकीच्या नळ्या अंग चोरून सरकल्या. मला काही वाटलं नाही. खोकला माझाच होता, ओळखीचा.

"तुमच्या रक्तात एक प्रथिन वाढलंय," सिस्टर म्हणाली. "फुफ्फुसातली गाठ ते सोडते. ते वाढलं की पुढचं आयुष्य कमी होतं, आजी."

"किती कमी?"

"ते डॉक्टर घरच्या माणसाला सांगतात."

घरचं माणूस म्हणजे आमचे मालक. ते आत केबिनमध्ये आणि मी बाहेर बाकावर. दुखणं माझं आणि खुर्ची त्यांना. जन्मभर बिडी ओढली त्यांनी, तीही दार लावून, कारण वाऱ्यानं काडी विझते म्हणे. मी त्याच खोलीत भाकऱ्या थापल्या, बाळंतपणं काढली. बिडी कधी ओठाला लावली नाही. मालक आता ऐंशीच्या घरात गेलेत, तरी पायरीवर पाय वाजवत चढतात. करून गेला गाव आणि माझं नाव.

केबिनचं दार पातळ होतं. सगळं ऐकू येत होतं.

"गोळ्या चालू करू," डॉक्टर म्हणाले. "या वयातही लागू पडतात."

"वय झालंय तिचं," मालक म्हणाले. "कशाला उगीच हाल? राहू द्या."

"त्यांना विचारू या का?"

"तिला काय कळतंय."

हे त्यांनी म्हटलं आणि समोरची भिंत हातभर पुढं आली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, मालक पुन्हा तेच म्हणाले, आणि भिंत माझ्या गुडघ्यांना टेकली. मी पाय बाकावर घेतले. मला जगायचं होतं, एवढंच. त्यात न कळण्यासारखं काय होतं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सिस्टर नळी घेऊन आली. तिला भिंत आणि बाकाच्या फटीतून आडवं यावं लागलं.

"नाव चिकटवायचं राहिलंय," ती म्हणाली. "रक्त कुणाचं ते इथं बघत नाहीत. नळीवर ज्याचं नाव, गाठ त्याची. एकदा चिकटलं की निघत नाही."

"कुणाचंही चालतं?"

"घरातलं लागतं."

"मग मालकांचं घाला."

"घालते की. नाव घ्या."

तिथं माझी जीभ अडली. लग्न झाल्यापासून मी त्यांचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. शिरगणतीवाला आला तरी पोराला पुढं करायचे. नळी सिस्टरच्या हातात खोकत राहिली आणि आत मालक डॉक्टरांना निरोपाचा नमस्कार करायला लागले.

एवढ्यात बाकांवरच्या म्हाताऱ्या उठल्या. आपापल्या नळ्या पदराखाली धरून त्या माझ्याभोवती दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. पंगतीत नव्या नवरीला घेरतात तशा.

"नाव घे, नाव घे."

"लाजतीस कशाला," एक जण माझ्या कानाशी म्हणाली. "मी मागल्या खेपेला घेतलं. तेव्हापासून भूक लागतीया."

मी डोक्यावर पदर घेतला. घसा साफ केला. केबिनपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले,

"जन्मभर धूर गिळला, शब्द नाही काढला,
हणमंतरावांचा धूर आज हणमंतरावांनाच वाढला."

बायकांनी टाळ्या पिटल्या. सिस्टरनं नाव लिहून नळीवर चिकटवलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं. नळी गप्प झाली. माझ्या छातीत वारा शिरला, पार तळापर्यंत. केबिनमधून काहीच आवाज येईना.

मघाची म्हातारी रिवाजाप्रमाणं कुंकवाचा करंडा घेऊन पुढं झाली. तिनं बोट बुडवलं, माझ्या कपाळापाशी आणलं आणि तिथंच थांबवलं. मग ती आणि बाकीच्या सगळ्या जणी बंद दाराकडं बघायला लागल्या.