सोनूबाईचा स्पीकर आणि मनालीच्या कानातलं गाणं

मी एक जुना स्पीकर आहे. आकाराने लहान डब्याएवढा, तारेशिवाय फोनला जोडला जाणारा. माझ्या जाळीला अजून सुक्या बोंबलांचा वास येतो. मित्रांनो, कारखान्यात तपासताना माझ्यावर पहिलं गाणं कोणतं वाजलं, ते मला आठवत नाही. आठवते ती सोनूबाई. आगरदांड्याजवळच्या कोळीवाड्यात तिने मला आणलं आणि बोंबील वाळवायच्या बांबूला टांगलं. हळदीची गाणी लागली की बायांचे हात भराभर चालत. "सोने, तुझा डबा तुझ्यापेक्षा जास्त बोलतो गो!" असं शेजारची चंद्राबाई म्हणायची आणि सगळ्या हसायच्या.

गेल्या वर्षी सोनूबाई तापाने गेली. अशा घरात वर्षभर गाणं लावत नाहीत. तिच्या नवऱ्याने, शिवदासने, मला पुसून कपाटात ठेवलं. तरी महिन्यातून एकदा तो मला बाहेर काढून चार्जिंगला लावायचा. "तिची वस्तू हाय, बंद पडायला नको," एवढंच म्हणायचा.

घर गप्प झालं. त्यांची सोळा वर्षांची मनाली कानात इयरफोन घालून बसू लागली. पोरगी कुणा पोराशी बोलते, असा शिवदासला संशय आला.

"कोण हाय फोनवर?"

"कोणी न्हाय."

तो दाराआड उभा राहून कान द्यायचा. ऐकू काहीच यायचं नाही. माझा संशय वेगळा होता. कपाटाच्या फटीतून मला तिची मान हलताना दिसायची, मूठ वळताना दिसायची. हळदीच्या गाण्यावर कुणी मूठ वळत नाही.

एका सकाळी चार्जिंग झालं का ते बघायला शिवदासने माझं बटण दाबलं. मनाली आतल्या खोलीत पिशवी भरत होती. पूर्वी मला जोडलेल्या तिच्या फोनने मला ओळखलं आणि तिच्या कानातलं गाणं माझ्या तोंडून बाहेर पडलं. "आपल्या जागी जो बसला, त्याला तिथंच फाड! हत्यार काढ, हत्यार काढ!"

इतक्या महिन्यांनी त्या घरात गाणं वाजलं, ते हे. मला लाज वाटली.

शिवदासची नजर मासळीच्या पाटीकडे गेली. सोनूबाईची मासे कापायची कोयती तिथे नव्हती. त्याने आत जाऊन मनालीची पिशवी उघडली. कोयती ओढणीत गुंडाळलेली होती.

"कोणाला कापायला निघालीस गो?"

"बाजारात आईच्या मासळी विकायच्या जागेवर चंद्राकाकी बसते! आईला जाऊन वर्ष न्हाय झालं. तू गप, सगळेच गप. मी नुसती दाखवणार होते. घाबरली पायजे ती."

शिवदास खाली बसला. "मीच बसवलंय तिला. जागा रिकामी दिसली असती तर दुसऱ्या कुणी घेतली असती. आपण सांगू तवा ती उठणार हाय. तुला सांगायचं राहिलं."

"राहिलं कसं?"

"घरात आता बोलतंय कोण?"

मित्रांनो, राग तिचा होता आणि खरा होता. पण त्या रागाचं काय करायचं, हे रोज तिच्या कानात एक अनोळखी माणूस सांगत होता. त्याला ना सोनूबाई ठाऊक, ना चंद्राबाई.

"लाव परत. पुरं ऐकू दे मला," शिवदास म्हणाला. वर्षाची रीत मोडत होती, तरी म्हणाला.

मनालीने गाणं लावलं. दुसऱ्याच कडव्यात आईवरून शिवी आली. तिने झटकन बंद केलं आणि तोंड झाकलं.

"न्हाय बाबा. या घरात न्हाय."

कोयती पाटीत गेली. बापलेक बाजारात गेले, चंद्राबाईजवळ बसून आले. शिवदासचा संशय मात्र गेलेला नाही. जाता-येता तो मनालीचा एक इयरफोन काढून स्वतःच्या कानाला लावतो. ती चिडते. मी त्याला दोष देत नाही, तुम्हीही देऊ नका.

मित्रांनो, तुमच्या कानातलं गाणं एकदा घरच्यांसमोर, माझ्यासारख्या एखाद्या डब्यावर मोठ्याने लावून बघा. ज्या शब्दाला तुमचं बोट आपोआप बटणाकडे जाईल, त्या शब्दावर संशय घ्या. आणि राग आलाच असेल, तर तो आधी घरातल्या माणसाला सांगा.