पाचवं नाव

सॉफ्टवेअरचं लायसन्स विकणाऱ्यांना माणसं मोजायची भारी हौस. सर्व्हर एकदाच घ्या म्हणतात, आणि मग त्यावर काम करणाऱ्या प्रत्येक नावाचं वेगळं लायसन्स मागतात. पंचवीस वर्षं मी रत्नागिरीतल्या धंदेवाल्यांना हे समजावतोय आणि पंचवीस वर्षं तेच ऐकतोय, "गुरुप्रसाद, यातून काहीतरी मार्ग काढ बघू."

मन्सूरभाईंच्या कोळंबी गोठवण्याच्या प्लँटमध्ये दोन वर्षांपूर्वी सर्व्हर बसवायचा होता. माल परदेशी जातो, त्यामुळे कुठला लॉट किती थंडीत ठेवला, ते कोणी तपासलं, सगळ्याची नोंद लागते. एक सॉफ्टवेअर फुकट होतं, नावं कितीही घाला. पण ते मला नव्यानं शिकावं लागलं असतं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी अंगात तेवढा दम नव्हता. खरं सांगायचं तर आळस होता. म्हणून माझ्या सवयीचं, विकतचं सुचवलं. मन्सूरभाई म्हणाले, "पाच नावांत भागव."

चार नावं ऑफिसातच संपली: ते स्वतः, त्यांचा मुलगा झैन, हिशेबनीस आणि मी. पॅकिंग हॉलला एकच उरलं, आणि तिथे बायका अकरा. आमच्या बंदरावर टोळीनं काम करणाऱ्या बायकांना थोरलीच्या नावानं ओळखतात. अमकीच्या बायका आल्या, तमकीची टोळी गेली. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, मलाही वाटलं नाही. हॉलमध्ये सगळ्यांत थोरली दमयंती. पाचवं नाव तिचं टाकलं, पासवर्ड कागदावर लिहून भिंतीला चिकटवला आणि चहा पिऊन घरी गेलो.

गेल्या महिन्यात एक कंटेनर परत आला. कोळंबीला वास मारत होता. त्या लॉटच्या नोंदीत तापमान नियमाप्रमाणे उणे अठरा लिहिलेलं, आणि शीतगृहाच्या यंत्राचा कागद त्याच वेळेला उणे सात दाखवत होता. खोटी नोंद कोणाची? सर्व्हर म्हणाला, दमयंतीची.

परदेशी गिऱ्हाइकाचा तपासनीस गुरुवारी यायचा होता. बुधवारी मन्सूरभाईंनी टाइप केलेलं पत्र माझ्यापुढे सरकवलं. सर्व्हरवरची नोंद अस्सल आहे, ती दमयंती यांनीच केली आहे, असा मजकूर. खाली माझी सही हवी होती. दमयंतीला कामावरून काढायचं, तपासनिसाला तसं दाखवायचं, विषय मिटवायचा.

"भाई, त्या दिवशी ती हर्णेला पुतणीच्या साखरपुड्याला होती. दुसऱ्या दिवशी लाडू तुम्हीपण खाल्लेत."

"खाल्ले." मन्सूरभाईंनी डोळे चोळले. माणूस वाईट नाही. तीन दिवसांत धड जेवला नव्हता. "पण अकराजणी एकाच नावानं लिहितात म्हटलंस, तर दोन वर्षांचं रेकॉर्ड रद्दी होईल. प्लँट बंद पडेल. एक गेली तर दहाजणी राहतात, बाबा. तूच सांग, मी काय करू?"

पत्र खिशात घालून मी हॉलमध्ये गेलो. दमयंती हातमोजे काढत होती. गारठ्यानं बोटं पांढरीफटक पडली होती. तिच्या कानावर सगळं गेलं होतं.

"ती नोंद कोणी केली, माहीत आहे तुला?"

"हाय. पण सांगायची नाय." मग हातमोजे झटकत म्हणाली, "भावोजी, तुम्ही माझा नाव लावलात तेव्हा मला बरा वाटला होता. घरी जाऊन सांगितला, कम्प्युटरात माझा नाव हाय म्हणून. आता खोटारडी म्हणून ता गेला, तर दुसऱ्या प्लँटात मला कोण उभी करील?"

मला माझीच शरम वाटली. थोडं शिकायचा कंटाळा केला मी, आणि नाव जाणार होतं हिचं.

गुरुवारी तपासनिसासमोर मी सही केली नाही. सांगून टाकलं: या नावानं अकराजणी काम करतात, नाव मी दिलंय, पासवर्डही मीच भिंतीला लावलाय. तो दमलेला माणूस होता. रागावला नाही, सगळं लिहून घेतलं आणि गेला. आठवड्याभरात गिऱ्हाइकानं माल घेणं थांबवलं, प्लँटला कुलूप लागलं. कधी उघडेल, कोणी सांगू शकत नाही. मन्सूरभाईंनी माझा फोन उचलणं सोडलं.

पंधरवड्यानं मांडवीच्या रस्त्यावर दमयंती भेटली. ती बरं केलंत म्हणेल, अशी मला आशा होती. खोटं कशाला बोलू, तेवढ्यासाठीच मी रिक्षा थांबवली.

"तुम्ही खरा बोललात, ता कळला मला," ती म्हणाली. "झैनशेट वाडीत येऊन सांगून गेला, दमयंतीची काय चूक नाय म्हणून."

"मग झालं तर."

"काय झाला? दहाजणी घरात बसल्यात. नळावर भेटल्या की तोंड फिरवतात." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "प्लँट कोणामुळे बंद पडला, विचारा वाडीत कोणालापण. दमयंतीमुळे सांगतील."