दाजींची ऊब

नौकेवर माणसं सहा आणि बिछाने तीन. शर्यतीच्या नौकेवर वजन नको म्हणून चमचासुद्धा जास्तीचा घेत नाहीत, तिथे बिछाने कुठले मिळायला! तिघांनी वर शिडांशी झुंजायचं, तिघांनी खाली झोपायचं, आणि चार तासांनी अदलाबदल. फाटलेली शिडं शिवायचा म्हणून ज्याला सगळे शिंपी म्हणत, त्याचा बिछाना त्याच्या ताईच्या नवऱ्याबरोबर वाटून होता. शिंप्याचे दाजी म्हणता म्हणता ते सगळ्यांचेच दाजी झाले. दाजी उठून वर जायचे आणि हा त्यांच्या उबेत शिरायचा. "जावयानं मेहुण्याचा बिछाना तापवून द्यायचा, काय दिवस आलेत!" असं दाजी रोज म्हणायचे आणि रोज स्वतःच हसायचे.

पाळी बदलताना एक नियम होता, तो कप्तानबाईंनी सगळ्यांच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकला होता. वर येणाऱ्यानं कमरेच्या दोराची कडी नौकेला अडकवायची. खाली जाणाऱ्यानं ती हिसका देऊन बघायची, "ओढली!" असं ओरडायचं, आणि मगच खाली उतरायचं. गारठलेल्या बोटांना आपली कडी नीट बसली की नाही ते कळत नाही.

एकविसाव्या दिवशी शिंप्यानं कडी ओढलीच नाही. हात लाकडं झाले होते आणि डोळ्यांपुढे फक्त तो गरम बिछाना दिसत होता. शिडीवरूनच तो "ओढली!" म्हणाला आणि खाली सटकला. दाजींनी विश्वासानं मान हलवली. पंधरा मिनिटांनी एक लाट नौकेवरून गेली, आणि ती ओसरली तेव्हा दाजी जागेवर नव्हते.

सहा तास शोधलं. त्यांची टोपी तेवढी सापडली. शर्यत सोडली तरी जवळची जमीन पुढेच होती, त्यामुळे वाट तीच राहिली. कप्तानबाईंनी वहीत लिहिलं, कडी लावली नव्हती. ताईलाही सॅटेलाइट फोनवर त्यांनी तेच सांगितलं आणि फोन शिंप्याच्या हातात दिला.

"अरे, गॅस बंद आहे का ते तीनदा बघणारा माणूस तो," ताई म्हणाली. "कडी लावायला विसरेल? खरं सांग मला. त्यांना परत यायचंच नव्हतं का रे?"

"रेंज जातेय, ताई," शिंपी म्हणाला आणि त्यानं फोन बंद केला. काय म्हणावं अशा माणसाला! सख्ख्या बहिणीला आयुष्यभर पुरेल असा प्रश्न तिच्या गळ्यात बांधून हा गप्प बसला.

पाळी संपवून तो खाली आला. बिछाना आता त्याच्या एकट्याचा होता, चार तास रिकामा, म्हणजे बर्फ झालेला असणार. त्यानं पाय आत घातले आणि चटका बसल्यासारखे बाहेर काढले. बिछाना गरम होता. उशीला डोक्याएवढा खळगा पडलेला होता.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आपल्याला भास होतोय म्हणून त्यानं नौकेवरच्या डॉक्टरांना हात लावून बघायला सांगितलं.

"आत्ताच कुणीतरी उठलंय ना यातून? मग मला काय दाखवतोस?" डॉक्टर म्हणाले.

"मी चार तास वर होतो, डॉक्टर. यात कुणीच नव्हतं."

डॉक्टरांनी हात झटकन मागे घेतला, पँटला पुसला, आणि त्यानंतर ते त्या बाजूला फिरकले नाहीत. शिंपी शिडांच्या पिशव्यांवर झोपायला लागला. रात्रंदिवस कुडकुडायचा, पण त्या बिछान्याला शिवायचा नाही. त्याला भीती वाटत होती आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती.

सत्ताविसाव्या दिवशी, भर दुपारी, धुकं इतकं दाट की हातभरावरचं दिसेना. शिंपी वर आला, कडी अडकवली आणि खाली जाणाऱ्या डॉक्टरांनी ती ओढून बघावी म्हणून उभा राहिला. मागून कुणीतरी दोराला जोरात हिसका दिला. कडी सुटून त्याच्या पायावर पडली.

"बापरे! डॉक्टर, वाचवलंत हो!" तो म्हणाला.

"थांब जरा, येतोय!" डॉक्टरांचा आवाज पार पुढच्या टोकाकडून आला.

शिंप्याच्या मागे कुणीच नव्हतं. त्यानं कडी पुन्हा लावली, सुकाणूजवळ कप्तानबाईंकडे गेला आणि त्या दिवशी आपण दाजींची कडी ओढलीच नव्हती, ते सांगून टाकलं. बाईंनी खिशातून फोन काढून त्याच्यापुढे धरला.

"मला काय सांगतोस? तिला सांग."

"ताई," तो म्हणाला, "त्यांनी कडी लावली होती गं. नीट बसली का ते मी बघायचं होतं. मी नाही बघितलं. दाजी परतच येणार होते."

ताई किती वेळ रडली कोण जाणे. "मला माहीत होतं, ते असं करणार नाहीत," एवढंच म्हणाली. भावाशी आणखी एक शब्दही न बोलता तिनं फोन ठेवला.

पाळी संपल्यावर शिंपी खाली आला तो थेट बिछान्यापाशी. आज पहिल्यांदाच त्याला त्यात शिरावंसं वाटत होतं. "दाजी, सांगितलं हो मी," तो हळूच म्हणाला आणि पाय आत घातले.

बिछाना गारठलेला होता. उशी सपाट होती. त्यानं हात फिरवून कोपरा न् कोपरा चाचपला आणि मग लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. पुढचे नऊ दिवस तो बिछाना त्याला एकट्यालाच तापवावा लागला.